मायरा ठेवू की गोदावरी?

"मावशी, माझी मुलगी दोन महिन्यांची आहे, बारसं पुढच्या महिन्यात आहे. मला 'मायरा' नाव ठेवायचंय. इंटरनेटवर 'संस्कृत शब्द, अर्थ प्रिय' असं वाचलं आणि घरात तसंच सांगितलं. सासरे संस्कृतचे निवृत्त शिक्षक. असा शब्दच नाही, असं ते पाहुण्यांसमोर म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाईंना त्यांच्या आईचं 'गोदावरी' हवंय. सोसायटीत आधीच दोन मायरा आहेत, म्हणून नणंद चिडवते. नवरा म्हणतो, तुम्हीच ठरवा. लग्नात माझं नाव बदललं, माहेरचं नाव आता फक्त आई घेते, पण तो वेगळा विषय. मी काय करू? – एक आई, मिरज"

अगं, सासऱ्यांचं म्हणणं बरोबर आहे. संस्कृतात 'मायरा' नाही. हे नाव इंग्रजीतलं. फुल्क ग्रेव्हिल नावाचा एलिझाबेथ राणीच्या काळातला कवी होता, त्याने आपल्या कवितांमधल्या प्रेयसीसाठी ते घडवलं असं मानतात. नावांच्या याद्या छापणारे कुठल्याही गोड नावापुढे 'संस्कृत' लिहून मोकळे होतात आणि तुझ्यासारख्या आया घरात तोंडघशी पडतात, याचा मला खरोखर राग येतो. पाहुण्यांसमोर बोलायला नको होतं, हेही तितकंच खरं. पण तू 'प्रिय' हा अर्थ आता सोडून दे. जे खोटं आहे त्याच्या बाजूने भांडत बसलीस, तर तुझं खरं म्हणणंही कुणी ऐकणार नाही.

हां, 'मायरा' शब्द आपल्या देशात आहे, पण राजस्थानात. तिथे भाच्याच्या किंवा भाचीच्या लग्नात मामा बहिणीच्या घरी कपडे, दागिने, आहेर घेऊन येतो, त्या आहेराला मायरा म्हणतात. 'वैष्णव जन तो' लिहिणाऱ्या नरसी मेहतांची मुलगी नानीबाई. बाप भणंग, मायरा भरणार कशाने? तेव्हा प्रत्यक्ष कृष्ण तिचा मायरा भरायला आला, अशी कथा तिकडे रात्र रात्र गातात. म्हणजे माहेरून आलेलं देणं. सासऱ्यांना हे सांगून बघ, शिक्षक माणूस आहे, आवडेल त्यांना. मात्र 'म्हणूनच मी हे नाव निवडलं' असं म्हणू नकोस.

सोसायटीतल्या दोन मायरांचं काय घेऊन बसलीस! सुनीता, संगीता, वैशाली या नावांच्या तीन-तीन मुली एकेका वर्गात असायच्या आणि बाई आडनावाने हाका मारायच्या. त्याआधी कुसुम, मालती, शालिनी होत्या, त्याही आधी गंगा, यमुना, गोदावरी. 'गोदावरी'सुद्धा एके काळी घरोघरचं नाव होतं. आज ते वेगळं वाटतं, इतकंच.

आता तुझ्या 'वेगळ्या विषया'कडे येते, कारण तो वेगळा नाही. तुझं पत्र मी पुन्हा वाचलं तेव्हा त्या एका वाक्याशीच थांबले. तांदळाच्या ताटात नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले, आणि वीस-पंचवीस वर्षं ज्या हाकेला ओ दिलीस ती हाक बंद झाली. तुला त्या वेळी कुणी विचारलं होतं का? आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडेही यमुनाच. टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई माहेरच्या तापी. तो काळ निराळा होता. आज मुलीचं नाव तरी माझ्या मनासारखं असू दे, असं तुला वाटतंय, आणि त्यात काहीही चूक नाही. हेच नवऱ्याला सांग, अगदी याच शब्दांत. 'तुम्हीच ठरवा' म्हणून त्याला बाजूला होता येणार नाही. ताटात अंगठी त्यानेच फिरवली होती.

माझं मत विचारशील तर कागदावर मायराच ठेव. बारशाला तसंही देवतानाम, मासनाम, नक्षत्रनाम आणि व्यवहारातलं नाव अशी चार नावं ठेवायची रीत आहेच. पाळण्यातलं नाव गोदावरी ठेवा आणि सासूबाईंना 'गोदा' म्हणून हाक मारू दे. त्यांना आईची आठवण हवी आहे. ती मागणी छोटी नाही, तिचा मान राख. आणि एकदा निवांत विचार त्यांना, गोदावरी हे आजींचं माहेरचं नाव होतं की सासरचं? त्या काय सांगतील कोण जाणे, पण तुमच्या दोघींचं बोलणं तिथून सुरू होईल.

नावाची घाई करू नकोस. जन्मनोंदणी झाल्यापासून बारा महिन्यांत बाळाचं नाव शुल्काशिवाय घालता येतं, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. पण एक गोष्ट मात्र लांबवू नकोस. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम आहे. म्हणजे मायराच्या लगेच पुढे तुझं नाव येणार, शाळेच्या दाखल्यापासून पुढे कायम. कुठलं नाव येणार? तू लिहिलं नाहीस, पण बऱ्याच जणींचं आधारवर सासरचं आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं असतं. तुला माहेरचं नाव परत हवं असेल तर राजपत्रात नाव बदलून घेता येतं, अर्ज ऑनलाइन करता येतो. नको असेल तरी हरकत नाही, फक्त या वेळी ते तू ठरव. रुग्णालयाने नोंदणीच्या अर्जात तुझं कुठलं नाव भरलंय, ते उद्याच जाऊन बघ. एकदा दाखला निघाला की दुरुस्तीला खेटे घालावे लागतात.

आणि नणंदेला आत्ताच फोन कर. बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगणार ती आत्याच, तिला तुझ्या बाजूला घे.