वाचकांचे प्रश्न: डायनासोर बघायला खान्देशातून कुठं जायचं?

प्रश्न: नमस्कार. आमचा मुलगा पाचवीत आहे, त्याला डायनासोरचं भारी वेड. सुट्टीत गुजरातमधलं बालासिनोरचं डायनासोर पार्क दाखवायचं मनात आहे, पण घरचे म्हणताय तिथं नुसते दगड आहेत, एवढ्या लांब जाऊन काय बघणार? जावं का?
एक वाचक, अमळनेर

उत्तर: ताई, बिनधास्त जा. दगडच आहेत हे खरंय, पण बघायचे तेच आहेत. आधी म्युझियम करा, २०१९ ला सुरू झालंय, मुलाला तिथं राजासॉरसची ओळख होईल. डोक्यावर छोटं शिंग असलेला हा मांसाहारी प्राणी, हाडं हे पार्क जिथं आहे त्याच रैयोली गावाजवळ १९८० च्या दशकात निघाली आणि जगाला त्याचं नाव कळलं २००३ मध्ये, राजासॉरस नर्मदेन्सिस, म्हणजे आपल्या शेजारच्या नर्मदेचंच नाव लागलंय त्याला. मग गाइड घेऊन पार्कात चाला, गाइडशिवाय अजिबात नको, कारण अंडं पायाखाली असलं तरी आपल्याला कळत नाही. खडकात नारळाएवढं गोल वर्तुळ दिसतं, त्याच्या कडेने बारीक गडद रेघ असते, ती रेघ म्हणजे कवच. एकदा ती नजरेत बसली की पोरगं स्वतःच पुढची अंडी शोधायला लागेल बघा.

मुलाला एक गोष्ट नक्की सांगा. याच भागात धोली डुंगरीला धनंजय मोहबे या आपल्या भूवैज्ञानिकांना १९८४ च्या सुमारास एक घरटं सापडलं, अंडी, नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू आणि काही हाडं. ती हाडं सापाची आहेत हे बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं, साडेतीन मीटरचा साप फुटलेल्या अंड्याला वेटोळं घालून बसलेला, आणि तसाच सगळा गाळाखाली गेला. २०१० मध्ये ते जगासमोर आलं. मला तर हे कितीदा वाचलं तरी अंगावर काटा येतो.

जायचं म्हणाल तर नवजीवन एक्स्प्रेस जळगाव, नंदुरबारवरून थेट वडोदऱ्याला जाते, पुढे गाडी करा. एक मुक्काम धरूनच चला. थंडीत जा, उन्हाळ्यात तो उघडा खडक भाजून काढतो आणि पावसाळ्यात गवत वाढून काही दिसत नाही. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्या. आणि खडा एकसुद्धा खिशात घालू देऊ नका, जागा संरक्षित आहे, आणि जागेवरून उचललेला तुकडा कुठल्या थरातला हे मग कोणालाच सांगता येत नाही.

प्रश्न: आमच्या विहिरीच्या खोदकामात मोठमोठे गोल दगड निघाले, वरून पापुद्रे सुटताय. डायनासोरची अंडी असतील का?
एक वाचक, शिरपूर

उत्तर: भाऊ, नाही. हा आपला काळा बेसाल्ट आहे, भेगांमधून पाणी मुरून तो कोपऱ्यांकडून झिजतो आणि गोल होत जातो, पापुद्रे त्यामुळेच सुटतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरला, धुळे-नंदुरबारकडे डोंगरातून सरळ भिंतीसारख्या धावणाऱ्या काळ्या खडकाच्या रांगा दिसतात ना, त्या म्हणजे तेव्हा जमिनीच्या भेगांत थिजलेला लाव्हाच. डायनासोरची अंडी ज्या लॅमेटा थरात मिळतात तो या लाव्हाच्या खाली असतो, म्हणून जिथं लाव्हा संपतो किंवा झिजून गेलाय तिथं तो उघडा पडतो, नर्मदेच्या खोऱ्यात, नाहीतर आपल्या चंद्रपूरकडे पिसदुऱ्याला.

तुम्हाला खरी अंडी बघायचीच तर शिरपूरहून बालासिनोरपेक्षा मध्य प्रदेशातलं धार जिल्ह्यातलं बाग जवळ पडेल, सेंधवा-बडवानीवरून जा. तिथंही डायनासोर जीवाश्मांसाठी राखलेलं राष्ट्रीय उद्यान आहे, आणि धार जिल्ह्यातल्या ९२ घरट्यांतल्या २५६ अंड्यांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झालाय. बाग लेणी त्याच फेरीत होतील. विहिरीत पांढरे चमकणारे स्फटिक निघाले असतील तर ते मात्र जपून ठेवा, झिओलाइट, म्हणजे बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार होणारी खनिजं, असू शकतात, जवळच्या कॉलेजात जिओलॉजीच्या सरांना दाखवा.