परफोर्समध्ये (कोडच्या फाइली आणि त्यांच्या आवृत्त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर) ओळ टाकूनही युजरला फोल्डर दिसत नाही, त्याचा ॲक्सेस कसा तपासायचा?

तुम्ही लिहिलंय की प्रोटेक्शन टेबलात (कोणाला कुठल्या पाथवर काय हक्क, त्याची यादी) टीममधल्या नव्या मुलासाठी रीडची ओळ टाकली, ती सेव्हही झाली, तरी पेमेंटचं फोल्डर त्याला दिसत नाही. बहुतेक करून तुमच्या ओळीच्या खाली कुठेतरी वजा चिन्हाची, म्हणजे हक्क काढून घेणारी ओळ बसलेली असणार.

टेबल उघडण्याआधी त्या मुलाला नेमकं काय लागू होतंय ते बघा. सुपर हक्काच्या लॉगिनने 'पी४ प्रोटेक्ट्स' ही कमांड -यू, त्याचं युजरनेम आणि फोल्डरचा पाथ देऊन चालवा. (शेवटचा 'स' विसरलात तर अख्खं टेबलच एडिटरमध्ये उघडेल, तेव्हा जपून.) मग साधारण असं काहीतरी दिसेल:

राइट ग्रुप डेव्ह * //डेपो/...
रीड युजर नवीन * //डेपो/पेमेंट/...
लिस्ट ग्रुप कंत्राटी * -//डेपो/पेमेंट/...

घोळ तिसऱ्या ओळीत आहे. वजा ओळ तिच्या वरचं सगळं पुसून टाकते, आणि सुरुवातीला 'लिस्ट' (फक्त फाइलींची नावं बघायचा हक्क) लिहिलंय म्हणून फक्त लिस्टच जातं असं नाही. त्या पाथवरचे सगळेच हक्क जातात. तुमची रीडची ओळ वर राहिली, म्हणून ती असून नसल्यासारखी. तीच ओळ वजा ओळीच्या खाली न्या, काम होईल. 'शेवटची ओळ नेहमी जिंकते' असं बरेच जण सांगतात, ते अर्धवट आहे. वजा ओळ नसेल तर क्रमाला काही अर्थ नसतो, लागू होणाऱ्या ओळींतला सगळ्यात मोठा हक्क मिळतो.

'पी४ प्रोटेक्ट्स' ला -एम लावून एका शब्दात उत्तर मिळतं खरं, पण त्यावर विसंबू नका. ते वजा ओळी धरतच नाही, दिलेला पाथही बघत नाही. 'राइट' असं छापून येईल आणि मुलगा तिकडे हात चोळत बसलेला असेल.

हा मुलगा कंत्राटी ग्रुपात आला कुठून, तेही शोधा. 'पी४ ग्रुप्स -आय' आणि युजरनेम दिलं की सबग्रुपमधून आलेले ग्रुपही दिसतात. चुकून आला असेल तर त्याला ग्रुपातून काढा, टेबलाला हातच लावायची गरज नाही. माझ्या मते एकेका माणसाच्या नावाने ओळी टाकूच नयेत. माणूस टीम बदलतो, ओळ तशीच राहते, आणि पुढच्या ॲडमिनला ती का आहे ते कळत नाही.

बदल करायचाच असेल तर आधी 'पी४ प्रोटेक्ट -ओ' चं आउटपुट एका फाइलीत ठेवा. बिनसलं तर तीच फाइल 'पी४ प्रोटेक्ट -आय' ने परत भरता येते.

आणि त्याला 'नॉट इन क्लायंट व्ह्यू' असा एरर येत असेल तर हे सगळं सोडा, त्याच्या वर्कस्पेसचं मॅपिंग (सर्व्हरवरची कुठली फोल्डरं त्याच्या मशीनवर येतात ते) तपासा.