झेरॉक्स आहे, ओरिजिनल सापडत नाही

नाशकातल्या सिडकोच्या एका ताईंनी विचारलंय. मामा वारले, मृत्युपत्रात एक्झिक्युटर, म्हणजे त्याप्रमाणे वाटणी पार पाडणारी व्यक्ती, म्हणून ताईंचं नाव, दिंडोरीकडची द्राक्षबाग आणि इथलं घर त्यात लिहिलंय, पण हातात नुसती झेरॉक्स आणि मामेभाऊ म्हणतायत ओरिजिनल दाखव नाहीतर गप्प बस. हे असलं सारखं येतं माझ्याकडे.

ताई, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही वगैरे तुम्हाला ठाऊक असणार, त्यात जात नाही. सगळं अडलंय ते एकाच गोष्टीवर, ओरिजिनल शेवटी कुणाच्या ताब्यात होतं? मामांच्याच कपाटात होतं आणि आता मिळत नाही, तर कोर्ट आधी हेच धरून चालतं की त्यांनी स्वतः फाडून रद्द केलं, आणि तसं नाही हे दाखवायचं तुमच्या गळ्यात. वकिलाकडे किंवा दुसऱ्या कुणाकडे होतं तर ही भानगड नाही. हरवलं किंवा दुसऱ्याच कुणी गायब केलं हे पटवता आलं तर १९२५ च्या वारसा कायद्यातल्या कलम २३७ खाली झेरॉक्सवरही प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा शिक्का, मागता येतं. सहीच्या दिवशी झेरॉक्स काढून आणलीत ना, मग ओरिजिनल कुठं ठेवताय एवढं विचारायला काय झालं होतं?

आता मृत्यूचा दाखला घेऊन सब-रजिस्ट्रारकडे जा. नोंदवलेल्या मृत्युपत्रांचं ३ नंबरचं पुस्तक वेगळं असतं, माणूस गेल्यावर अर्ज करणाऱ्या कुणालाही त्यातली नक्कल मिळते. नाशकातच नोंदवलं असेल असं धरू नका, दिंडोरीलाही बघा. सीलबंद पाकीट जिल्हा निबंधकाकडे ठेवायचीही सोय असते, तिथंही अर्ज टाका. आणि हो, नंतरचं एखादं साध्या कागदावरचं निघालं, सह्या-साक्षी नीट असल्या, तर तेच चालणार, मग कदाचित तुम्ही एक्झिक्युटरच नाही.

कपाट एकटीने उघडू नका, शेजारचे दोघं बोलवा, यादी करा, फोटो काढा. झेरॉक्सवरच्या साक्षीदारांना आत्ताच गाठा, कोर्टात त्यातला निदान एक तरी उभा करावा लागतो आणि तारखा पडेपर्यंत म्हातारी माणसं थांबत नाहीत.

तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज पडलाय का ते उद्याच बघा. नोटीस निघाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत, झेरॉक्स जोडून. सातबाऱ्याने मालकी ठरत नाही हे खरंय, पण मामेभावांची नावं लागली की बागेला गिऱ्हाईक लगेच येतं, आणि मग दिवाणी दावा, त्यात किती वर्षं जातील ते विचारू नका. घराचं म्हणाल तर सिडकोचे कागद बघितल्याशिवाय बोलत नाही.

पण सगळ्यात आधी मामांच्या वकिलांना विचारा, ओरिजिनल कुणी नेलं. उत्तर लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना.