आधी त्यांचं ऐकू येऊ दे

प्रिय दोस्ता,

तुझं रेकॉर्डिंग ऐकलं. हात चांगला तयार झालाय, रोल स्वच्छ पडतात, लय कुठे पळत नाही. पण सॅक्सोफोन वाजवणाऱ्या मुलीनं शेवटी एक स्वर लांबवत नेला होता, तो संपायच्या आत तुझा फिल, म्हणजे मधली जागा भरणारे ठोके, येऊन गेला. ती जिथे हळू झाली, नेमका तिथेच तू राईड सिंबलवर जोर वाढवलास. आणि सोबतच्या चिठ्ठीत विचारतोस, ड्रमरला कंपोझर होता येतं का? माझ्या मते या दोन्ही गोष्टी एकाच जागी येऊन मिळतात, म्हणून तुला जॉन स्टीव्हन्स या ब्रिटिश ड्रमरबद्दल लिहितोय.

स्टीव्हन्सचा जन्म १९४० चा, लंडनच्या पश्चिमेला ब्रेंटफर्डचा. वडील टॅप डान्सर. काही काळ आर्ट कॉलेजात काढून तो १९५८ मध्ये ब्रिटिश हवाई दलात गेला आणि त्यांच्या संगीतशाळेत ड्रम शिकला. तिथेच त्याला सॅक्सोफोनवादक ट्रेव्हर वॉट्स आणि ट्रॉम्बोनवादक पॉल रदरफर्ड भेटले. बाहेर पडल्यावर टबी हेझ, रॉनी स्कॉट अशा त्या काळच्या ब्रिटिश जॅझमधल्या बड्या मंडळींबरोबर तो वाजवू लागला. एवढं जमलं की बहुतेक ड्रमर तिथेच स्थिरावतात, आणि त्यात वाईट काही नाही.

पण त्याच्या डोक्यात वेगळं, आधी न ठरवता तिथल्या तिथे घडणारं संगीत होतं आणि ते वाजवायला जागा नव्हती. १९६६ च्या जानेवारीत त्यानं सेंट मार्टिन्स लेनजवळचं लिटल थिएटर क्लब धरलं. छोटीशी जागा, नाटक संपल्यावर रात्री उशिरा वाजवायचं, ऐकायला कधीकधी अगदी मोजकी माणसं. तिथे त्याच्या स्पॉन्टेनियस म्युझिक एन्सेम्बलमध्ये कोण कोण आलं बघ: डेरेक बेली, इव्हान पार्कर, केनी व्हीलर, डेव्ह हॉलंड. १९६८ च्या ‘कार्योबिन’ या रेकॉर्डवर हे चौघेही आहेत. त्याच वर्षी हॉलंड प्रसिद्ध अमेरिकन जॅझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसकडे गेला.

आता तुझ्या कामाची गोष्ट. या संगीतासाठी स्टीव्हन्सनं नेहमीचा सेट बाजूला ठेवला आणि लहान लहान ड्रम आणि सिंबलचा एक छोटा सेट जुळवला. गिटारच्या तारेवरचं नख किंवा सॅक्सोफोनमधली नुसती फुंकसुद्धा ऐकू यावी इतका कमी आवाज त्याला हवा होता. दुसऱ्याचं वाजवणं तुला ऐकू येत नसेल, तर तू जास्त जोरात वाजवतोयस, हा त्याचा नियम. विलंबित ख्यालात ठेका सांभाळणारा तबलजी तू पाहिला आहेस. स्टीव्हन्सनं इथे ठेकासुद्धा सोडला. उरलं ते फक्त समोरच्याला ऐकणं आणि लगेच, थोडक्यात उत्तर देणं.

त्याच्या रचनाही याच ऐकण्यातून आल्या. त्यातल्या काहींत तर लिहिलेला एकही स्वर नाही. ‘क्लिक पीस’मध्ये प्रत्येकानं आपल्या वाद्यावर काढता येईल तेवढा आखूड आवाज काढायचा, बस्स. सुरुवातीला नुसती टिकटिक होते. मग कान इतरांकडे वळतात आणि कुणी न ठरवलेली एक लय त्या टिकटिकीतून उभी राहते. दुसरी रचना याच्या उलट: श्वास घ्यायचा, तो पुरेल तोवर एकच स्वर धरायचा, संपला की पुन्हा श्वास. यात ड्रमर काय करणार? गळा आहेच की! मला ही खरीखुरी रचना वाटते. वाजवणारे बदलले की आवाज बदलतो, पण चौकट तीच राहते आणि ती चौकट स्टीव्हन्सची आहे. अशा रचना त्यानं १९८५ मध्ये ‘सर्च अँड रिफ्लेक्ट’ या पुस्तकात एकत्र केल्या. शिकलेले वादक आणि कधी वाद्य हाती न धरलेली माणसं यांना त्या एकत्र वाजवता येतात. तो स्वतः कार्यशाळांमधून हेच शिकवत राहिला.

म्हणून त्याला मोठ्या आवाजाचा तिटकारा होता असं समजू नकोस. त्याचा ‘अवे’ हा जॅझ-रॉक बँड होता. १९७५ मध्ये लीड्सला गायक-गिटारवादक जॉन मार्टिनबरोबर तो दणकून वाजवत होता, आणि १९६९ मध्ये केंब्रिजला जॉन लेनन आणि योको ओनो यांच्याबरोबरही मंचावर होता. कुठल्या खोलीत किती वाजवायचं, याची निवड तो करत असे. तुझ्याकडे सध्या ती निवड नाही, एकच आवाज आहे. तुझी मला काळजी वाटते ती एवढ्याचसाठी.

पैशाचं स्पष्टच सांगतो. अशा संगीतावर घर चालेल या भरवशावर राहू नकोस. ऑर्केस्ट्राची, लग्नातली कामं चालू ठेव, त्यातही हात घडतो. पण महिन्यातली एक संध्याकाळ अशी ठेव, जिथे काय वाजवायचं ते तुम्ही चौघं ठरवाल. जागा मिळेपर्यंत थांबू नकोस, कुणाच्या तरी गच्चीवर बसा.

पहिल्या बैठकीला फक्त स्नेअर, हाय-हॅट आणि ब्रश घेऊन जा. आधी ‘क्लिक पीस’ करा, घाई न करता. मग रेकॉर्डिंगमधली तुमची धून वाजवा, आणि सॅक्सोफोनचा तो लांब स्वर येईल तेव्हा हात मांडीवर ठेव. तो संपल्यावर तुला जे ऐकू येईल ते वहीत लिही, स्वरलिपी जमत नसेल तर साध्या शब्दांत. ते पान आणि नवं रेकॉर्डिंग मला पाठव. माइक ड्रमपाशी ठेवू नकोस, खोलीच्या मधोमध ठेव.

तुझा,
सर