पुढची चाकं बाहेर, मागची आत

प्रश्न : काका, आमच्याकडे आजोबांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी आहे. घरात सगळे तिला अजून फियाटच म्हणतात. मुंबईहून जुन्या अलॉय (ॲल्युमिनियमच्या) चाकांच्या दोन जोड्या आणल्या. पुढच्या जोडीवर आतून ‘६जे × १४, ईटी २५, ४ × ९८’ असं कोरलंय, मागच्या जोडीवर ‘५½जे × १४, ईटी ३८, ४ × १००’. चारही बसली. पण पुढची मडगार्डबाहेर डोकावतात आणि तिठ्यावर स्टिअरिंग पूर्ण कापलं की टायर घासतो. मागची मात्र आत गेल्यासारखी दिसतात. साठच्या वर गाडी मागून थरथरते. गॅरेजवाले म्हणतात, मागे चाकाच्या आतून २० मिमीच्या चकत्या, म्हणजे स्पेसर टाकू, चारही एका रेषेत येतील. टाकू का? मूळच्या लोखंडी डिस्क, म्हणजे साधी चाकं, पडवीत पडून आहेत.
— एक वाचक, आचरा

उत्तर : स्पेसर नको. आणि मागची जोडी आजच्या आज उतरव. दिसण्याचं नंतर बघू.

तुझ्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा तू सहज लिहून पुढे गेलास : ९८ आणि १००. चार बोल्टांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा हा व्यास, म्हणजे पीसीडी. ही गाडी मुळात इटलीची फियाट ११००. कुर्ल्याच्या कारखान्यात बनली तरी हब, म्हणजे चाक ज्यावर बोल्टांनी बसतं तो भाग, फियाटच्याच मापाचा राहिला, ९८चा. त्यावर १००चं चाक चढवलं की प्रत्येक बोल्ट मिलिमीटरभर चुकतो. एवढ्याशा फरकाने चाक बसतं, आणि घात तिथेच होतो. पहिला बोल्ट हाताने सुळकन जातो, समोरचा अर्ध्यावर जड होतो, मग पान्याला पाइप लावून आवळतात. बोल्टाच्या डोक्याखालचा शंकू भोकात सगळीकडून टेकायला हवा, तो एकाच बाजूला टेकतो. चालत्या गाडीत तेवढंच ॲल्युमिनियम चेपत जातं आणि बोल्ट सैल होतो. तुझी थरथर आधी इथे शोध, बॅलन्सिंगमध्ये नंतर.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. माझ्या स्वतःच्या फियाटला एका गॅरेजने अशीच चाकं बसवून दिली होती. परशुराम घाट उतरताना मागच्या डाव्या बाजूने टक-टक ऐकू यायला लागली, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक. मागे आई आणि दोन्ही मुलं बसलेली. कडेला घेतली, कॅप काढली. चारातले दोन बोल्ट बोटांनी फिरत होते आणि तिसऱ्याच्या मानेला केसाएवढी चीर गेली होती. तो बोल्ट मी अजून ठेवलाय. गॅरेजात नवीन आलेल्या प्रत्येक पोराच्या हातात देतो.

कोरलेल्या आकड्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नकोस, स्वतः मोज. स्टीलची पट्टी घे आणि एका भोकाच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्या भोकाच्या आतल्या कडेपर्यंत धर. भोकं सारखी असतील तर हेच मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. हबवरही तसंच.

आता आत-बाहेरचं. ‘६जे × १४’ म्हणजे रिम ६ इंच रुंद, १४ इंच व्यासाची. ईटी म्हणजे रुंदीच्या मध्यापासून चाक हबला टेकतं तिथपर्यंतचं अंतर, मिमीमध्ये. चाकाची निम्मी रुंदी घे आणि त्यातून ईटी वजा कर, म्हणजे हबपासून रिम किती बाहेर येते ते कळतं. पुढे : ६ इंच म्हणजे १५२.४ मिमी, निम्मे ७६.२, वजा २५, उरले ५१. मागे : निम्मे सुमारे ७०, वजा ३८, उरले ३२. फरक १९ मिमीचा. गॅरेजवाल्यांना २० मिमी इथेच दिसले असणार. त्यांचा हिशेब बरोबर आहे, पण स्पेसर टाकूनही १००चं चाक १००चंच राहतं.

मी चारही चाकं एकसारखी घेईन : ५½जे × १४, पीसीडी ९८, ईटी ३०च्या आसपास. पुढचं चाक आत्तापेक्षा ११ मिमी आत येईल, आणि आतल्या बाजूला आहे तेवढीच जागा राहील. मागचं ८ मिमी बाहेर येईल आणि पाट्यांपासून (मागच्या पट्टीच्या स्प्रिंगांपासून) तेवढंच सुटेल. युनो, पॅलिओ यांचा पीसीडीही ९८, पण ईटी प्रत्येक चाकाचा वाचूनच पैसे दे. टायर १७५/७० आर १४ घे. व्यास साधारण ६०० मिमी, मूळ टायरच्या जवळचा. नवी चाकं चढल्यावर घरातला ओळंबा मडगार्डच्या काठावरून सोड आणि रिमपर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांत मोज. डावी-उजवी बाजू जुळली नाही तर चाकाला दोष देऊ नकोस. कधी मडगार्ड ठोकलेलं असतं, कधी पाट्याचा बुश गेलेला असतो.

तोवर पडवीतल्या डिस्क लाव. बोल्टांच्या भोकांभोवती गंजाने पापुद्रे सुटले असतील तर ती डिस्क बाद. लोखंडी डिस्कला तिचेच आखूड बोल्ट लागतात, अलॉयचे लांब बोल्ट आत ड्रममधल्या भागांना लागू शकतात. बोल्ट १२ मिमी जाडीचा आणि १.२५ पेचाचा (एका फेऱ्याला १.२५ मिमी आत जाणारा) असेल तर हाताने किमान १० फेरे आत गेला पाहिजे. मोजून बघ. आवळताना समोरासमोरचे बोल्ट घे आणि ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा पाना लाव.

मडगार्डबाहेर आलेलं चाक कायद्यातही अडचणीचं. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, हे ध्यानात ठेव.

प्रश्न : आमचं घर समुद्राला लागून. पंक्चर काढायला बोल्ट काढले, तरी अलॉय हबवरून हलत नाही. हातोडा मारू का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : अलॉयवर हातोडा मुळीच नको, तडा जाईल. ॲल्युमिनियम, लोखंड आणि खारी हवा एकत्र आली की मध्ये पांढरी भुकटी धरते आणि दोन्ही जखडतात. २०२१च्या पुरानंतर चिपळुणात मी अशी कितीतरी चाकं सोडवली. चारही बोल्ट परत बसवा, मग प्रत्येक एकच फेरा सैल करा. टायरात हवा भरा, गाडी जॅकवरून खाली घ्या आणि सपाट अंगणात दोन-चार फूट हळूच पुढे-मागे करा. ‘कट्’ आवाज आला की चाक सुटलं. मग लगेच जॅक लावून बोल्ट काढा. हबचा चेहरा तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा आणि त्यावर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. बोल्टांना आणि त्यांच्या शंकूला ग्रीस लागू देऊ नका.