लव्हाळ्यांच्या सारख्या दिसणाऱ्या जाती एकमेकींपासून कशा ओळखाव्यात?

आपण विचारले आहे की, पवई तलावाच्या काठावर आणि भांडुपच्या उदंचन केंद्राकडे जाणाऱ्या वाटेवर काढलेल्या लव्हाळ्यांच्या फोटोंना प्रत्येक जण वेगळे नाव देतो, तेव्हा या सारख्या दिसणाऱ्या जाती शरीररचनेवरून नेमक्या कशा वेगळ्या काढाव्यात. मी वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक नाही. पाणथळ जागांवर भिंग घेऊन हिंडण्याचा छंद आहे, इतकेच. त्या अनुभवावरून सांगतो की, पूर्ण झाडाच्या फोटोवरून लव्हाळ्याची जात ठरवण्याचा नाद आधी सोडावा आणि पिकलेले फळ शोधावे. उंची, रंग आणि तुऱ्याचा पसारा यांवर विसंबलात तर फसगत होणारच, कारण चिखलात गुडघ्याच्या वर जाणारी जात जवळच्याच कोरड्या कडेला वीतभर उंचीवर तुरा धरते.

समोरचे झाड लव्हाळ्याच्या कुळातले आहे की नाही, हे मात्र फळाशिवाय कळते. खाडीकाठची पाणकणसे आणि देवनळ या कुळातले नव्हेत. दांडा बोटांत धरून फिरवला की बहुतेक लव्हाळ्यांच्या तीन कडा बोटाला लागतात, दांडा आतून भरीव असतो, त्यावर गवतासारखी पेरे नसतात, पाने तीन रांगांत निघतात आणि पानाचा खालचा भाग दांड्याभोवती बंद नळीसारखा असतो. गवताची पाने दोन रांगांत असतात आणि त्यांचे आवरण बहुधा एका बाजूने उघडे असते. काही लव्हाळ्यांचे दांडे गोल असतात, म्हणून केवळ कडांवर निकाल देऊ नये.

पुढची पायरी म्हणजे तुऱ्यातले एक कणिशक, म्हणजे सर्वांत लहान कणीस, तोडून तळहातावर ठेवणे. त्यावरचे खवले, ज्यांना तुष म्हणतात, दोन समोरासमोरच्या रांगांत बसलेले असतील आणि कणिशक चपटे असेल, तर आपण सायपेरस ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, आणि त्याच्या भाईबंदांमध्ये आहोत. अननसाच्या खवल्यांसारखे तुष चहूबाजूंनी फिरत गेलेले असतील, तर फिम्ब्रिस्टायलिस, एलिओकॅरिस, शिनोप्लेक्टस या प्रजातींचा विचार करावा. एवढ्या एका निरीक्षणाने निम्मा गोंधळ मिटतो आणि नेमके हेच पूर्ण झाडाच्या फोटोत सहसा दिसत नाही.

आता फळाकडे येऊ. आपण ज्याला बी समजतो, ते या कुळात मिलिमीटर-दीड मिलिमीटरचे सुके फळ असते. कणिशकातली खालची फुले आधी पिकतात, म्हणून टाचणीच्या टोकाने तळाकडचे दोन-तीन तुष हलकेच बाजूला सारावेत आणि दहापट भिंगातून पाहावे. फुलाच्या टोकाला केसासारख्या कुक्षी तीन असतील तर फळ बहुधा तिधारी असते, आणि दोन असतील तर ते चपटे असते. चपटे असेल तर ते कोणत्या बाजूने चपटे आहे, हे तुष उचलताच, फळ जागचे हलण्याआधी पाहून घ्यावे. फळाची धार कणिशकाच्या मधल्या अक्षाकडे वळलेली असेल तर ते सायपेरसचे भाईबंद पायक्रियस, आणि सपाट पाठ अक्षाला टेकलेली असेल तर खारट जमिनीत येणाऱ्या सायपेरस लीव्हिगेटससारख्या जातींचा गट. एकदा का फळ तळहातावर घरंगळले की ही खूण कायमची गेली, मग दुसरे कणिशक घ्यावे लागते.

माझ्या हातून झालेली चूक सांगतो. गोड्या पाण्याच्या तलावाकाठी कमरेच्या वर जाणारे, मोठ्या छत्रीसारखा तुरा असलेले दोन लव्हाळे असतात, सायपेरस एक्झाल्टेटस आणि सायपेरस ॲलोपेक्युरॉयडिस. दोन्ही दणकट, दोघांची पाने रुंद आणि दोघांच्या तुऱ्यांचा रंग पिकल्यावर पिवळसर-तपकिरी. एका पावसाळ्यात मी ऑगस्टमध्येच तुरे कापून आणले, वर्तमानपत्रात दाबले आणि सगळ्यांवर एक्झाल्टेटस असे लिहून मोकळा झालो. फळे कोवळी होती, त्यामुळे पाहण्यासारखे काही नव्हतेच. नोव्हेंबरमध्ये त्याच जागेवरून पिकलेले तुरे आणले, तेव्हा निम्म्या नमुन्यांत कुक्षी दोन आणि फळ चपटे निघाले, म्हणजे ते ॲलोपेक्युरॉयडिस होते. उरलेल्यांत तीन कुक्षी आणि तिधारी फळ. वहीतली खाडाखोड अजून तशीच आहे. तेव्हापासून मुंबईत सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर याच काळात मी लव्हाळ्यांच्या नावांचा विचार करतो.

पिकलेले फळ पाहण्याच्या या नियमाला एक ठळक अपवाद आहे आणि तो नेमका सर्वांच्या ओळखीचा आहे. मोथा, म्हणजे सायपेरस रोटंडस, क्वचितच पिकलेले फळ धरतो. त्याचा प्रसार मुख्यतः कंदांनी होतो. तेथे फळ शोधत बसण्यात अर्थ नाही, खुरपे घेऊन बूड उकरावे लागते. जमिनीखालच्या बारीक धाग्यांवर काळपट कंद एकापुढे एक माळेसारखे ओवलेले निघतात आणि नखाने खरवडले की उटण्याच्या दुकानात येतो तो वास येतो. त्याचाच जुळा वाटणाऱ्या सायपेरस एस्क्युलेंटसमध्ये प्रत्येक धाग्याच्या टोकाला एकच कंद असतो, कणिशके लालसर-तपकिरी नसून सोनेरी-पिवळट असतात. भातखाचरात आणि नाल्याकाठी येणाऱ्या सायपेरस आयरिया व सायपेरस डिफॉर्मिस यांना कंद नसतातच, उपटले की तंतुमुळांचा झुपका हाती येतो. त्यांपैकी डिफॉर्मिसची कणिशके इतकी बारीक आणि दाट असतात की गोल गोळेच दिसतात, तर आयरियाची कणिशके सुटी असून तुषांची टोके बोथट गोल असतात. म्हणून झाड बुडाशी कापून आणू नये, हे मी नवशिक्यांना पुन्हा पुन्हा सांगतो.

उद्यानांच्या हिरवळीत पांढऱ्या मण्यासारखे डोके घेऊन उभी असते ती कायलिंगा. पांढरी कायलिंगा नेमोरॅलिस आणि हिरवट डोक्याची कायलिंगा ब्रेव्हिफोलिया यांत रंगापेक्षा तुषाची पाठ पाहावी; पहिलीत पाठीच्या कण्यावर पातळ पंखासारखा पडदा असतो, दुसरीत तो नसतो, केवळ बारीक काटे असतात. डीएनएच्या अभ्यासानंतर अनेक अभ्यासक पायक्रियस आणि कायलिंगा या प्रजाती सायपेरसमध्येच धरतात, त्यामुळे एकाच झाडाची दोन नावे दिसली तर बिचकू नये. कुंपणे हलली तरी फळे आहेत तशीच आहेत.

फिम्ब्रिस्टायलिसमध्ये मला सर्वांत जास्त गोडी वाटते, कारण तिथे फळाच्या पृष्ठभागावरच नाव लिहिलेले असते. फिम्ब्रिस्टायलिस डायकॉटोमाचे फळ दोन्ही बाजूंनी फुगीर असून त्यावर उभ्या कंगोऱ्यांच्या रांगा असतात आणि कंगोऱ्यांमध्ये आडव्या रेघा, जणू लहानशी शिडीच. फिम्ब्रिस्टायलिस लिटोरॅलिसचे फळ तीन बाजूंचे आणि बारीक पुटकुळ्यांचे, कणिशके मोहरीच्या दाण्यासारखी गोल, आणि बुडाकडची पाने हातपंख्यासारखी एका पातळीत पसरलेली. खाडीकाठी खारट चिखलात फिम्ब्रिस्टायलिस फेरुजिनिया दिसते. तिचे फळ गुळगुळीत असते आणि तुषांच्या वरच्या भागावर बारीक करडी लव असते. भिंग तिरके धरून उजेड बाजूने येऊ दिला तरच ती दिसते.

पाने अजिबात नाहीत आणि दांड्याच्या टोकाला एकच कणिशक आहे, तर ते एलिओकॅरिस. दांडा दाबल्यावर आतले पडदे कटकट वाजत असतील तर एलिओकॅरिस डल्सिसचा विचार करावा. मात्र शिनोप्लेक्टस आर्टिक्युलेटसचा दांडाही तसाच वाजतो. त्यात कणिशकांचा गुच्छ टोकाला नसून दांड्याच्या मधल्याही खाली, बाजूला फुटल्यासारखा दिसतो. तो भास असतो. गुच्छाच्या वरचा भाग हा दांडा नसून दांड्यासारखा सरळ वाढलेला छद, म्हणजे तुऱ्याच्या बुडाशी येणारे पान, असतो.

पुढच्या वेळी प्रत्येक झाडाचे चार फोटो काढावेत: मुळांसह बूड, आडवा कापलेला दांडा, एक कणिशक जवळून आणि आलेखाच्या कागदावर ठेवलेले पिकलेले फळ. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात किंवा ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्यात परवानगीशिवाय पानही तोडू नये, तेथे फोटोंवरच भागवावे. दाबून वाळवलेले अधिकृत नमुने पाहायचे असतील तर सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रहालयाकडे आधी विचारणा करून जावे.

आपल्या तिसऱ्या फोटोतले झाड मला फिम्ब्रिस्टायलिस वाटते, कारण कणिशके गोलसर असून तुष फिरत गेलेले दिसतात. ते डायकॉटोमा की लिटोरॅलिस, हे त्या फोटोवरून मी सांगणार नाही. त्याच झुडुपाचे एक पिकलेले फळ भिंगाखाली पाहा आणि त्यावर शिडी दिसते की पुटकुळ्या, तेवढे कळवा.