हरणटोळाचे नाव बदलले. जुन्या नोंदींचे काय करावे?

डोंगराळ राधानगरी आणि सपाट शिरोळ या कोल्हापूरच्या दोन्ही भागांतील हरणटोळ या हिरव्या, झाडावरच्या सापाच्या आपल्या दहा वर्षांच्या नोंदी ‘अहेटुल्ला नासुटा’ या नावाखाली आहेत आणि आता सरसकट नवे नाव घालावे का, असे आपण विचारले आहे. वाचताना मला माझीच २०२१ मधील फजिती आठवली. घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०२० च्या अभ्यासाने जनुकीय आणि शरीररचनेच्या पुराव्यावरून ‘नासुटा’ हे नाव केवळ श्रीलंकेतील सापांपुरते ठेवले आणि भारतातील हरणटोळांना वेगळ्या जाती मानले, हे आपल्याला ठाऊक आहेच. उत्तर सह्याद्रीतील जात ‘बोरिअॅलिस’, म्हणजे कोल्हापूरचा हरणटोळ तोच, असे गृहीत धरून मी संगणकावरील तक्त्यात नावाचा संपूर्ण रकाना नव्याने भरला. त्यात हातकणंगल्याकडील माळरानाच्या नोंदीही गेल्या. त्या कोरड्या, सपाट मुलखात मोठ्या अंगाचा आणि लांब नाकाचा ‘ऑक्सिरिंका’ असण्याची शक्यता अधिक, हे ध्यानात आले तेव्हा मूळ प्रत उरली नव्हती. कोणता साप मी स्वतः पाहिला आणि कोणता एखाद्या सर्पमित्राने फोनवरून कळवला, हे मी त्याच रकान्यात कंसात लिहीत असे. तेही पुसले गेले. ती माहिती आजतागायत परत मिळालेली नाही.

जुने नाव जसेच्या तसे राहू द्यावे, शेजारी नवा रकाना करावा आणि बदलाचे वर्ष व कारण तिथे लिहावे. यापुढे नाकाचे एका बाजूने छायाचित्र अवश्य घ्यावे. त्यासाठी साप पकडण्याची गरज नसते.

नमुना घेऊन जनुकीय तपासणी करायचीच असेल, तर वन विभागाची लेखी परवानगी आधी घ्यावी. मी अर्जात नवे नाव लिहिले, तेव्हा एका कार्यालयाने ‘यादीत नाही’ म्हणून तो परत केला. जुने लिहिले, तेव्हा ‘ही जात आपल्याकडे आढळत नाही’ असा शेरा आला, आणि त्यात पावसाळा संपला. दोन्ही नावे एकत्र लिहावीत. शिवाय एका मायटोकॉन्ड्रियल जनुकावर विसंबू नये, कारण ते केवळ आईकडून येते आणि वडिलांकडची बाजू त्यात दिसत नाही.

मी हौशी नोंदकर्ता आहे, शास्त्रज्ञ नव्हे; परवानगीचे नियमही बदलत असतात, तेव्हा खात्री करून घ्यावी. शिरोळच्या ज्या नोंदींना छायाचित्र नाही, तिथे नव्या रकान्यात ‘अहेटुल्ला, जात अनिश्चित’ एवढेच लिहावे.